काळीनं सोडेपर्यंत

२ ऑक्टोबर, बुधवार
पोचले एकदाची! दोन बसगाड्या आणि मैलभर चिखल, पण कोकोच्या बागेत शिरले आणि शीण पळाला. मालकीण नुबियाबाई, इथल्या भाषेत डोन्या नुबिया, सत्तरीच्या, ठेंगण्या, पायांत कायम गमबूट. ओळख ना पाळख, पण आल्याआल्या काळ्या घेवड्याचा भात आणि तळलेली केळी पुढ्यात ठेवली, आणि वाळलीस किती म्हणून मलाच रागावल्या. कोकोच्या शेंगा फोडायचं काम मिळालंय.

स्वयंपाकघरातल्या खोक्यात त्यांची लाडकी ‘काळी’ असते, झोपिलोता जातीची, माझ्याहून लांब सापीण. जहाल विषारी तेर्सिओपेलो सापसुद्धा ती गिळते, म्हणून तिला इथे सगळे जपतात. मला मात्र घाम फुटला. बाबा तेर्सिओपेलो चावूनच गेले, केळीच्या बागेत. ते ऐकून डोन्यांनी मला जवळ घेतलं. म्हणाल्या, पोरी, तुला मी पक्की करते, मग बघ.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
पक्कं करणं म्हणजे काय ते आज कळलं. सात शुक्रवार काळीला मनगट चावू द्यायचं. हात ओढायचा नाही. ती चघळून आपणहून सोडेपर्यंत सगळ्यांनी प्रार्थना म्हणायची. सात झाले की तेर्सिओपेलोचं विष बाधत नाही म्हणे. काळी स्वतः बिनविषारी, मांजर चावल्यागत, असं सगळेच सांगतात. मुकादम चेपे म्हणाला, इथे आम्ही सगळे पिकलेले, एक तूच कच्चं केळं! मी डोळे मिटले. खरंच फार दुखलं नाही. बाबांना कुणी असं पक्कं केलं असतं तर, असं वाटून रडू आलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
दुसरा चावा. हात कोपरापर्यंत सुजला, मूठ मिटत नाही. चेपे म्हणाला, छान, अंग शिकायला लागलं. डोन्यांनी पाल्याचा लेप लावला आणि स्वतःच्या हातानं भरवलं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
तिसरा. काळी सोडेचना, प्रार्थना तीनदा म्हटली. मग अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, छातीत शिट्टी वाजायला लागली. डोन्या खूश. इतक्या लवकर कुणाचंच अंग शिकलं नव्हतं म्हणे. मला भीती वाटते.

२१ ऑक्टोबर, सोमवार
न सांगता गावातल्या दवाखान्यात गेले. नर्स हात बघून ओरडलीच. काळीला विष आहे, मागच्या दातांत. चघळत राहिली की ते आत मुरतं, आणि आम्ही तर तिला चघळू देतो! बहुतेकांचं सुजेवर भागतं, पण माझ्या अंगाला त्याचं वावडं झालंय. पुढचा चावा घसा बंद करेल, लगेच घरी जा, म्हणाली.

पण नदी चढलीय. शनिवारपर्यंत बस नाही, दवाखान्यात राहायची सोय नाही. डोन्यांना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. अर्धी कच्ची पोर बाहेर कशी सोडू, एवढंच पुटपुटल्या.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
दाराला कडी नाही. खुर्ची लावून ठेवते. जेवायला गेले नाही. उद्या शुक्रवार.

२५ ऑक्टोबर
दुपारी डोळा लागला. नको होता लागायला. जाग आली तर खुर्ची सरकलेली, मनगटावर काळी — चघळतेय — किती वेळ कुणास ठाऊक. ओढून काढली. डोन्या खाटेवर बसून प्रार्थना म्हणत होत्या. डोळ्यांत पाणी. बापासारखं तुला जाऊ देणार नाही, म्हणाल्या.

आवाज फुटत नाही. उठवत नाही. त्यांना दाखवायला लिहितेय —

चेपेला बोलवा. मला दवाखान्यात न्या. आत्ता.

वही समोर धरली. त्यांना वाचता येत नाही. माझ्या केसांवरून हात फिरवला. प्रार्थना लिहितेस ना, लिही पोरी, म्हणाल्या —

चेपे अंगणातच आहे — हसतोय — ऐकू येतं —

जीभ मावत ना

डोन्या, चे