चंपाबाईंच्या साक्षीतला ‘नाही’

मी, अॅडव्होकेट चंद्रप्रकाश धोंडिराम तायडे, वय ६३, राहणार पंतनगर, घाटकोपर पूर्व, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. आतड्याच्या कर्करोगाने शरीर खंगले आहे. बुद्धी शाबूत आहे. हे लिहावे म्हणून कोणी दबाव आणलेला नाही. लिहू नये म्हणून मात्र घरातूनच आणला जात आहे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नी नलिनी हिला. “कानाचं मशीन घ्या हो,” असे ती सहा वर्षे सांगत होती आणि मी तिच्यावर खेकसत होतो. तिची माफी मागतो.

२. कायद्याची सर्व पुस्तके माझी ज्युनिअर श्रुतिका हिला. का, ते पुढे येते.

३. मालाडचा टेम्पोचालक नंदू घाडी हा माझा अशील. गोदामाच्या रखवालदाराच्या खुनाचा त्याच्यावर आरोप होता. पाहणारी साक्षीदार एकच, भाजी विकणाऱ्या चंपाबाई. १२ जुलै २०२२ रोजी मी त्यांची उलटतपासणी घेतली. पळणाऱ्याचा चेहरा दिसला का, असे विचारले. त्या हळू आवाजात काही बोलल्या. मला ऐकू आले नाही. शेवटचा शब्द न्यायाधीशांच्याही कानावर पडला नसावा. त्यांनी स्टेनोला सांगितले, “चेहरा दिसला.”

श्रुतिकाने माझी बाही ओढली. “सर, ‘दिसला नाही’ म्हणाल्या त्या. नोंद दुरुस्त करून घ्या ना!”

“गप्प बस,” मी म्हणालो. पुन्हा विचारले असते, तर माझे बहिरेपण भर कोर्टात उघडे पडले असते. “आणखी प्रश्न नाहीत,” म्हणून मी खाली बसलो. चंपाबाईंना वाचता येत नाही. त्यांनी जबाबावर अंगठा दिला. त्याच साक्षीवर नंदूला जन्मठेप झाली.

अशिलाचे हित जपणे हे माझे काम होते. मी माझी अब्रू जपली.

४. गेल्या महिन्यात चंपाबाईंना शोधून काढले. त्या म्हणाल्या, “मी तवाच सांगितलं व्हतं. तुम्ही माझ्याकडं बघत बी नव्हता.” त्यांचे, श्रुतिकाचे व माझे अशी तिन्ही प्रतिज्ञापत्रे तयार आहेत. मुलगा सुयोग म्हणतो, “बाबा, सनद जाईल. एवढ्या वर्षांच्या नावाची वाट लागेल.” सुयोग, नंदूची मुलगी तेव्हा बालवाडीत होती. आता तिसरीत आहे.

मालाडचे ऑफिस सुयोगला. मात्र त्याने नंदूच्या अपिलात अडथळा आणल्यास तेही श्रुतिकाला जावे.

५. हे मृत्युपत्र माझ्या मरणानंतर उघडण्यासाठी नाही. आजच याच्या प्रती घरच्यांना, वकिलांना व कोर्टात देत आहे. मेलेल्या माणसाची उलटतपासणी होत नाही, त्यामुळे मी गेल्यावर माझ्या प्रतिज्ञापत्राला किती किंमत राहील, हे मला चांगले ठाऊक आहे. डॉक्टर दिवाळीपर्यंत म्हणतात. अपिलाची तारीख ९ डिसेंबर आहे. ती अलीकडे आणा. हात जोडतो. स्ट्रेचरवरून न्या, पण माझे बोलणे कोणीतरी नोंदवून घ्या.

६. तुरुंगात जाऊन नंदूला सगळे सांगितले. “तुझं वकीलपत्र मी सोडतोय. आता तुझं हित माझ्या विरोधात आहे,” म्हणालो. तो शिव्या देईल असे वाटले होते.

“मग सर, दुसरा वकील तुम्हीच बघा ना,” तो म्हणाला. “माझ्या ओळखीचं तुमच्याशिवाय आहे कोण?”

मी अॅड. तेजल राणे यांना गाठले. त्यांनी चंपाबाईंची साक्ष पुन्हा नोंदवावी, अशा अर्जाचा मसुदा करून मला दाखवला. ‘वकिलाला उत्तर ऐकू आले नाही,’ असे त्यात सभ्यपणे लिहिले होते. त्याखाली मी माझ्या हाताने ओळ घातली : ‘चूक झाल्याचे त्याला त्याच क्षणी कळले होते.’

वरील मजकूर मी वाचला, तो खरा आहे. दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही करीत आहे.

(सही) चंद्रप्रकाश धो. तायडे

साक्षीदार :
१. (सही) डॉ. अनुपमा वैद्य, मुलुंड
२. (सही) प्रितम जाधव, शेजारी, पंतनगर

घाटकोपर, मुंबई. २२ सप्टेंबर २०२५