उसामींच्या वळचणीचा गुलाब

क्योतो,
ता. १४ नोव्हेंबर १९८२

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुक्या मासळीचं पार्सल पोचलं. तुझी भावजय मासाए म्हणते, तुझ्या शेजारच्या उसामीसानांच्या हाताला चव आहे. माझं म्हणणं, ही चव त्यांच्या हाताची नाही, तुझ्या मोक्को गुलाबाच्या वेलीची आहे. दर मे महिन्यात त्याच्या पांढऱ्या पाकळ्या कुंपणापलीकडे त्यांच्या वाळत्या मासळीवर पडतात. तू पुरण भरलेले गोड मांजू घेऊन माफी मागायला जातेस. मांजूंचं ओझं होतं म्हणून ते मासळी देतात. मासळीचं ओझं होतं म्हणून तू संत्री नेतेस. ज्याला शेवट सापडत नाही अशा प्रकाराला मी शिकवतो त्या संस्कृत न्यायशास्त्रात अनवस्था म्हणतात आणि तो दोष मानतात. शास्त्रकारांना बहुधा मासळी वर्ज्य असावी.

आता मुद्द्याचं. चिझु सासरी गेल्यापासून आमची दक्षिणेकडची खोली रिकामी आहे. भाऊजींच्या मागे तू एकटी आईच्या त्या घरात राहतेस आणि घराचं छप्पर प्रत्येक वादळात समुद्राला दोनचार कौलं दान करतं. घर विकून इकडे राहायला ये. हे मी दरवर्षी लिहितो आणि तू दरवर्षी हवापाण्याबद्दल उत्तर पाठवतेस. यंदा हवापाणी वगळून लिहावंस.

लोभ आहेच, त्याला खतपाणी असावं.

तुझा,
तेइसुके


अजिरो,
ता. २५ नोव्हेंबर

चि. तेइसुकेस,
अ. उ. आ.

हवापाणी वगळते. गेल्या महिन्यात पन्हळीतली पानं काढताना स्टुलावरून पडले. हाड मोडलं नाही, मिजास मोडली. कळवलं असतं तर तू पहिल्या गाडीने आला असतास आणि तुझ्यासाठी तीन वेळचा स्वयंपाक मलाच करावा लागला असता. पण तेव्हापासून मनात येतं, तुझं म्हणणं अगदीच पुस्तकी नाही. तर ऐक. आईने लावलेला मोक्को येत्या मे महिन्यात फुलेल. तो एक बहर डोळे भरून पाहीन आणि मग येईन. यापेक्षा स्पष्ट होकार माझ्याकडून कोणाला मिळालेला नाही. तुझ्या भाऊजींनाही नव्हता मिळाला.

मात्र जाताजाता उसामीसानांना आणखी त्रास द्यायचा नाही. यंदाच्या मे महिन्यात तोक्योचा व्यापारी यायच्या आधी ते बिचारे जेवायच्या काड्या घेऊन मासळीवरची एकेक पाकळी उचलत होते. मी कुंपणाच्या फटीतून पाहिलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. विचारलं तर म्हणाले, चंदेरी मासळीवर पांढरी पाकळी शोभून दिसते, काढवत नव्हती. माणसं असं बोलायचंच म्हणून बोलतात. मागचं ओझं नव्या वर्षात न्यायचं नसतं, म्हणून वर्षअखेरच्या साफसफाईत गुलाब छाटून कुंपणाच्या आत आणावा म्हणते. तो कसा छाटतात, हे तुमच्या विद्यापीठात कोणाला ठाऊक असेल तर विचार. स्वतःच्या डोक्याने सांगू नकोस.

मासाएला आशीर्वाद. माया आहे तशी असो.

तोमिए


क्योतो,
ता. ५ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

स्टुलाबद्दल मी रागावलो आहे. राग संक्षेपाने लिहिता येत नाही म्हणून लिहीत नाही.

छाटणीबद्दल वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारलं. त्यांच्या गुलाबांना प्रदर्शनात बक्षिसं मिळतात. ते म्हणाले, थंडीत झाड झोपलेलं असताना निर्दयपणे छाटावं, म्हणजे वसंतात दुप्पट फुलतं. त्यांनी जात कोणती म्हणून विचारलं. मी ठामपणे सांगितलं, गुलाब. यापुढे माझं ज्ञान जात नाही, कारण माझ्या संस्कृत कवींना गुलाब ठाऊकच नव्हता. त्यांना वेली मात्र चांगल्या ठाऊक होत्या. वेल कोणाकडे झुकली म्हणजे तिच्या मनात काय असतं, यावर त्यांनी इतकं लिहून ठेवलंय की तुझी वेल नेमकी उसामीसानांच्याच अंगणात का जाते, हे मी विचारत नाही. धाकट्याने असलं काही विचारू नये.

खोलीची झाडलोट आजपासून सुरू. लोभाची मुळं घट्ट असावीत.

तेइसुके


अजिरो,
ता. २९ डिसेंबर

चि. तेइसुकेस,
अ. उ. आ.

साफसफाई झाली. तुझ्या प्राध्यापकांनी सांगितलं तेवढी निर्दय झाले. आता गुलाब नुकत्याच दीक्षा घेतलेल्या भिक्षूसारखा दिसतो आहे. छाटलेलं सगळं परसात जाळलं. त्याला काटे नाहीत म्हणून हात वाचले; डोळ्यांत धूर गेला, एवढंच.

एक लांब फांदी तेवढी राहिली. ती फळ्यांमधून पार उसामीसानांच्या हद्दीत गेली आहे. आत येऊन कापू का, म्हणून विचारायला गेले. ते हातातली सुरी खाली ठेवून उभे राहिले. म्हणाले, वर्षअखेरीच्या घाईत तुम्ही कशाला त्रास घेता, माझ्या बाजूने मीच कापून टाकतो. मग मीही निश्चिंत झाले. नवं वर्ष स्वच्छ कुंपणाने सुरू होईल.

तुझ्या वेलींच्या कवींना माझ्याकडून सांग, इथली वेल प्रकाशाकडे जाते आणि उसामीसानांकडे दक्षिण आहे. एवढंच कारण.

नव्या वर्षाची तांदळाची चिकट मोची पाठवते आहे. नीट चावून खा, तुझ्या वयाला ती घशात अडकते. माया असो.

तोमिए


अजिरो,
ता. ३ मे १९८३

चि. तेइसुकेस,
अ. उ. आ.

पानं भरघोस आली आहेत. फूल एकही नाही.

आधी वाटलं, उशीर असेल. मग फुलवालीला विचारलं. ती म्हणाली, काकू, मोक्को इतर गुलाबांसारखा नसतो, तो गेल्या वर्षीच्या फांदीवर फुलतो. त्याला थंडीत कात्री लावली की बहर गेलाच. म्हणजे माझा बहर मी डिसेंबरात परसात जाळला आणि वर हात शेकले. आता आठवतं, आई नेहमी फुलं ओसरल्यावर, पावसाळ्याच्या तोंडाला छाटायची. मी टोपली धरून उभी असायचे. आताच का, असं कधी विचारलं नाही. तुझ्या प्राध्यापकांना सांग, एखादं बक्षीस परत करा.

तेव्हा पाहायचं काही उरलं नाही. जूनअखेर येते. घराला गिऱ्हाईक शोधायला सांगितलं आहे. दक्षिणेच्या खोलीत फार सामान ठेवू नकोस.

तोमिए


क्योतो,
ता. ७ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जात सांगायची राहिली हा दोष प्राध्यापकांचा नव्हे, माझा. चाळीस वर्षं मी विद्यार्थ्यांना शिकवतो आहे की सामान्य नियमापेक्षा अपवाद बलवान असतो, आणि आयुष्यात एकदा तो नियम वापरायची वेळ आली तेव्हा मी गुलाब म्हणून मोकळा झालो.

तू येणार म्हणून खोलीतले ग्रंथ जिन्याखाली हलवले. मासाएने नवी गादी शिवून घेतली. इतकी वर्षं मागितलेलं मिळालं, तरी मी जेवताना गप्प असतो म्हणून ती मला चिडवते. तुझ्या पत्राच्या शेवटी ‘माया असो’ नव्हतं. विसरली असशील.

लोभ असावा. निदान तो तरी जाळू नये.

तेइसुके


अजिरो,
ता. १२ मे

चि. तेइसुकेस,
अ. उ. आ.

काल उसामीसान आले. अंगात कोट, हातात मांजूंचा खोका, तोही मी दरवर्षी नेते त्याच दुकानातला. मला वाटलं, मी जाणार हे कळलं म्हणून निरोप द्यायला आले. तर दारातच कमरेत वाकले आणि म्हणाले, मी डिसेंबरपासून तुमच्याशी खोटं वागतो आहे.

ती फांदी त्यांनी कापलीच नव्हती. म्हणाले, तुम्ही इतक्या कसनुशा होऊन विचारलंत की नाही म्हणता आलं नाही. मग दोनदा कात्री घेऊन गेलो, पण तुमच्या आईंना तिथे पाणी घालताना मी लहानपणापासून पाहत आलो, हात उचलवेना. शेवटी त्यांनी ती त्यांच्या मासळीच्या खोपीच्या मागे वळचणीखाली बांधून ठेवली, तुला दिसू नये अशी. म्हणजे मला दिसू नये अशी. बघ, घाईत काय लिहिते आहे. आता ती टोकापासून टोकापर्यंत फुलली आहे. माझ्या बाजूला शुकशुकाट आणि त्यांच्याकडे बहर, त्यामुळे चोरासारखं वाटतं म्हणाले.

मीही माफी मागायला वाकले. ते आधीच वाकलेले. आधी सरळ कोणी व्हायचं हे ठरेना. माझ्या पाठीत उसण भरली तेव्हा ते ठरलं.

मग पाहायला गेले. वळचण दिसतच नव्हती, नुसतं पांढरं. वास खारवलेल्या मासळीचा आणि फुलांचा, दोन्ही. मासळी वाळवायच्या तट्ट्या त्यांनी उचलून रस्त्याच्या बाजूला नेल्या आहेत, तिथे धूळ येते तरीसुद्धा. फुलांसमोर बाक होता, त्यावर दोन उशा. दुसरी कोणासाठी, हे मी विचारलं नाही. तिची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

ते बाकाच्या कडेला बसले. मग फुलांकडे बघतच म्हणाले, “फुलं इकडे असली तरी मूळ तुमच्याकडे आहे. तुम्ही गेलात तर पाणी कोण घालणार?”

तेइसुके, मी घराचं गिऱ्हाईक परत पाठवलं. पन्हळ आज सकाळी त्यांनी साफ केली, स्टूल मी धरलं. फांदी घासू नये म्हणून कुंपणाच्या दोन फळ्या काढल्या आहेत. चहा नेताना वळसा पडत नाही, ही त्यातली सोय.

मासाएला म्हणावं, गादी वाया जाणार नाही. थंडीत राहायला येईन. थंडीत मला बागेपासून लांब ठेवलेलंच बरं. माया आहे, मागच्या पत्रातलीही यातच धर.

तोमिए


क्योतो,
ता. १६ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ग्रंथ जिन्याखालून परत वर आणले. पाठीत उसण भरली; घराण्याचा रोग असावा. आज जेवताना मी इतका बोललो की मासाए म्हणाली, गप्प होता तेच बरं होतं.

तू आली नाहीस म्हणून माझी निराशा झाली आहे, हे लिहून ठेवतो, कारण तोंडावर ती दिसत नाही असं घरात सगळे म्हणतात. यंदा मांजू त्यांनी आणले, म्हणजे परतफेड तुझ्याकडे आली. अनवस्था आता उलट दिशेने सुरू झाली आहे. ती कोठे थांबावी, याविषयी शास्त्र गप्प आहे आणि मीही.

पुढच्या मे महिन्यात आम्ही दोघं येतो. दोन फळ्यांची रुंदी कळव, माझं पोट त्यातून जाईल की नाही हे आधी पाहायला हवं. जात नसेल तर तिसरी फळी काढावी. उसामीसान नाही म्हणणार नाहीत, त्यांना ते जमत नाही.

त्यांना माझा नमस्कार सांग. लोभ असावा, आणि छाटायचाच झाला तर बहर ओसरल्यावर.

तुझा,
तेइसुके