एक कप म्हणजे दोनशे चाळीस ग्रॅम

सोमवार, ४ मार्च
आजपासून चिडायचं नाही.
बायकोच्या बियांच्या पावावर बेकरीवाला खूश आहे. दुकानात ठेवायचा म्हणतो. पीठ-पाण्याचं तो बघेल, बियांची मापं मात्र ग्रॅममध्ये हवीत. ही आयुष्यभर कपाने मोजत आली. म्हटलं, सोड, हे माझं काम. पाणीपुरवठा खात्यात अख्खी हयात मीटर तपासण्यात गेली. एक कप म्हणजे दोनशे चाळीस मिली, म्हणजेच दोनशे चाळीस ग्रॅम. तीळ असोत नाहीतर जवस, कप तोच!
ही म्हणाली, अहो, ते पाण्याचं झालं. बियांचं वजन करून तरी बघा.
चिडलो नाही. दार जरा जोरात लागलं, इतकंच.

मंगळवार, ५ मार्च. सकाळ
हिची शंका फिटावी म्हणून डिजिटल काटा आणला. कपभर पाणी : बरोब्बर २४०. हिच्याकडे नुसतं बघितलं.
कपभर तीळ : १४४.
जवस : १६८. सूर्यफुलाच्या बिया : १४०.
काटा बिघडलेला आहे. पाण्याला ठीक, बियांना चूक.

दुपार
दुकानदाराला फैलावर घेतलं. त्याने काट्यावर किलोचं वजन ठेवलं. काट्याने किलो दाखवला. मी ओरडलो, मला वजनाचं वजन करायचं नाही, तिळाचं करायचंय! तो म्हणाला, काका, मागे गिऱ्हाइकं खोळंबलीत. उद्धट. त्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही.
(छत्री तिथेच राहिली. जाऊन आणली.)

बुधवार, ६ मार्च
कपात तीळ अंगठ्याने दाबले. १५५. म्हणजे प्रगती आहे. मग लाटण्याच्या टोकाने ठेचले. कप फुटला. तीळ फ्रिजखाली, गॅसखाली, माझ्या चपलेत.
ही म्हणाली, बियांमध्ये फटी राहतात हो, त्यात हवा असते. आणि प्रत्येक बीचा आकार वेगळा. मी म्हटलं, माझ्या तक्त्यात हवेला रकाना नाही.
मुलीला फोन केला. तिने आईचीच बाजू घेतली. शिकवून काय उपयोग?

गुरुवार, ७ मार्च
तक्ता स्वतः टाइप केला आणि बेकरीवाल्याच्या हातात दिला. ही सकाळी म्हणाली होती, काट्यावरचे आकडे द्या. नाही दिले. बिघडलेल्या काट्याचे आकडे देणं ही फसवणूक झाली.
घरी आल्यावर हिने विचारलं, दिलेत ना? मी म्हटलं, दिले. आकडेच दिले होते.

शनिवार, ९ मार्च
अख्खी भट्टी वाया. पाव फुगलेच नाहीत. सुरी लावली की भुगा. बेकरीवाल्याने हिला फोन केला. त्याचा आवाज मला बाल्कनीत ऐकू येत होता. तुमचा पाव नको, म्हणाला.
हिने दुकानासाठी शिवलेला नवा एप्रन घडी करून कपाटात ठेवला. भांडली असती तर मला उत्तर तरी देता आलं असतं. माझ्याकडे चार मुद्दे तयार होते. त्या माणसाला भट्टी तापवता येत नाही, हा पहिला.
जेवण गेलं नाही. राग, दुसरं काही नाही.

रविवार, १० मार्च
सकाळी ही एप्रन घालून, काटा काखोटीला मारून बेकरीत गेली. एकदा माझ्या हाताने करू द्या, म्हणाली. मीही मागोमाग गेलो, भट्टी तपासायला. भट्टी ठीक होती.
पाव असे टम्म फुगले की बेकरीवाल्याने उभ्याउभ्या अर्धा संपवला. उद्यापासून रोज या, म्हणाला. मग माझ्यासमोरच विचारलं, वहिनी, मग ते दोनशे चाळीस कुठून आलं होतं?
मी भट्टीचं दार पुन्हा एकदा तपासायला वाकलो.
हिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, टायपिंगची चूक असेल.
तो म्हणाला, त्या टायपिस्टला आधी हाकला. मी म्हटलं, हो, हाकलायलाच हवं.
घरी आल्यापासून डोक्यात नुसता जाळ झालाय. टायपिंगमध्ये एक चूक नव्हती! दोनदा तपासलं होतं.
सांगणार कोणाला?