माझ्या नावाची जीप

११ ऑक्टोबर १९६५, सोमवार
आणि नथ्थूला काय कळते? सिहोऱ्याचा माणूस. माझ्याच फॅक्टरीत काम करते, खोलीचं अर्धं भाडं देते म्हणून मला अक्कल शिकवून राहिला. आज पुन्हा तेच. म्हणे, “मुरली भैया, नौकरी छोड़ के कोई चुनाव लड़ता है क्या? डेढ़ महीने में पक्के हो जाओगे.” मी म्हटलं, लेथवर तोफेचे शेल घासून कोणी मोठा झाला का बे? तो म्हणे, मोठा नाही, पण पोटाला मिळते. मी लोटा फेकून मारला. तो वाकला. आरसा फुटला. आरसा माझा होता.
राजीनामा द्यायचाच. सरकारी फॅक्टरीतल्या माणसाला निवडणुकीत उभं राहता येत नाही, हा नियम माझ्यासारख्यांना घाबरूनच केला असेल.

१३ ऑक्टोबर
बापूसाहेब पाध्यांकडे गेलो. दीक्षितपुरा वॉर्डातून महापालिकेवर दोन खेपा निवडून आलेले. तिसऱ्यांदा उभं राहता येत नाही, असा आमच्या पॅनेलचा नियम. तो त्यांनीच केला होता, पहिल्या खेपेच्या आधी. आता पॅनेलतर्फे त्यांचा मुलगा श्रीपाद उभा आहे. मला म्हणाले, “तू अपक्ष उभा राहा. वॉर्डाला तरुण रक्त पाहिजे. खर्च सगळा माझा.” मी विचारलं, मग श्रीपाददादा? म्हणाले, “तो आहेच. एका उमेदवाराला पाचशेच्या वर खर्च करता येत नाही ना, म्हणून दोन बरे.”
मला वाटते, श्रीपाद पडेल याची त्यांना आतून खात्री आहे.

१६ ऑक्टोबर
राजीनामा दिला. आमच्या खात्यावरचे चार्जमन म्हणाले, लढाई थांबली, शेल थांबले नाहीत, पुन्हा विचार कर. मी टेबलावर मूठ आपटली. दौत सांडली त्यांच्या पँटवर. त्यांनी कॉलर धरून गेटपर्यंत सोडलं. मोठ्या माणसाला गेटपर्यंत सोडायची पद्धत असते.
संकल्प: निवडून येईपर्यंत कोणावर हात टाकायचा नाही.

२५ ऑक्टोबर
माझ्या नावाची जीप आली! वर लाउडस्पीकर. पुढच्या काचेवर मात्र श्रीपादचा फोटो. बापूसाहेब म्हणाले, प्रेसवाला चुकला. मी प्रेसवाल्याला दोन लावल्या. तो रडत म्हणाला, फोटो तर बापूसाहेबांनीच दिला. खोटारडा. आणखी एक लावली.
संकल्प उद्यापासून.

२ नोव्हेंबर
ड्रायव्हर दिवसभर ओरडून राहिला, “अपना वोट श्रीपाद भैया को!” माझ्या जीपमधून! चौकातच त्याला सीटवरून ओढला आणि नाक फोडलं. त्याने जीपचं हँडल माझ्या डोक्यात घातलं. चार टाके. लोक टाळ्या वाजवत होते. कोणासाठी ते गर्दीत नीट कळलं नाही.
बापूसाहेब स्वतः पाहायला आले. चार कागद पुढे केले. जीप, मंडप, पत्रकं, चहा. “उमेदवाराची सही लागते, मुरलीधरराव.” राव! आमच्या सात पिढ्यांत कोणाला राव म्हटलं नाही कोणी. पट्टी डोळ्यांवर घसरली होती, तरी चारही ठिकाणी झोकदार सह्या केल्या.

७ नोव्हेंबर
नथ्थूशी संबंध संपला. त्याने कोणाकडून तरी ऐकलं. म्हणे, “भैया, मंडप श्रीपाद का, कुर्सियाँ श्रीपाद की, बिल तुम्हारा. तुम आदमी नहीं, थैली हो. उनकी एक थैली भर गई तो दूसरी खोल ली.” मी थोबाडात मारली. पुढचा दात पडला. तो रागावला नाही, हेच मला आवडलं नाही. दात रुमालात बांधला, वळकटी उचलली आणि गेला. जाताना म्हणाला, “भाड़ा महीने भर का दे दिया है.”
खोली आता ऐसपैस झाली. उमेदवाराला जागा लागतेच.

१४ नोव्हेंबर, मतदान
सकाळी बूथबाहेर श्रीपाद लोकांना सांगत होता, मुरलीधर आपलाच आहे, त्याचं मतही मलाच. मी जाब विचारला. तो हसला. “अरे, तुला काहून उभं केलं, अजून नाही समजलं?”
मंडपाचा बांबू उपटला आणि त्याच्या पाठीत घातला. मग त्याच्या सहा जणांनी तोच बांबू माझ्यावर वापरला. मंडप माझ्याच खर्चातला, म्हणजे बांबू माझाच. उजवा खांदा निखळला, जबडा हलला. दोन्ही पार्ट्यांना चौकीत नेलं पाहिजे होतं, एकट्या मला नेलं.
बाकावर बसून अंदाज काढला: माझी सहाशे मतं कुठं गेली नाहीत.

१६ नोव्हेंबर
श्रीपाद निवडून आला. मला मतं अकरा. मार खाल्लेल्या माणसाला अकरा जण विसरले नाहीत. बापूसाहेबांनी पेढे पाठवले. चावता आले नाहीत.

२९ नोव्हेंबर
सिविल लाइंसच्या निवडणूक कचेरीत बोलावणं. माझ्या नावावर खर्च आठशे बारा. मर्यादा मोडली. सहा वर्षं उभं राहता येणार नाही. बापूसाहेबांना थांबवायला दोन खेपा लागल्या, मला एकही खेप न होता थांबवलं.
तिथून तसाच त्यांच्या घरी गेलो. दार उघडलं नाही. खिडकीतून म्हणाले, “सही तुमचीच आहे, मुरलीधरराव.” डाव्या हातानं दगड मारला. नेम लागला नाही.

१ डिसेंबर
फॅक्टरीच्या गेटवर गेलो. चार्जमन म्हणाले, तुझ्या लेथवर दुसरा लागला, आज पक्काही झाला. शिफ्ट सुटली. नथ्थू बाहेर आला. मी मान खाली घातली. तो हसला, दाताची जागा दिसली. म्हणे, “खाना खाया?” मी हो म्हटलं. त्याने खोटं धरलं आणि डबा उघडला. मग लाकडाच्या टालावर, वखारीत, घेऊन गेला, मालकाला माझ्यासाठी हात जोडले. उजवा हात वर जात नाही, म्हणून अर्धी मजुरी.

१२ डिसेंबर
पोस्टात गेलो. आईला दर महिन्याला पस्तीस जात होते. मनीऑर्डरच्या फॉर्मखाली निरोपाला चार ओळींची जागा असते. तीन ओळी लिहिल्या, तिन्ही खोडल्या. मग लिहिलं, तब्येत बरी आहे. पाठवतो: सहा रुपये.