हिरव्या झाकणाच्या भांड्यातील मीठ

प्रति,
मा. कल्याण अधिकारी,
उपाहारगृह विभाग,
मध्यवर्ती दुरुस्ती कारखाना

विषय : हिरव्या झाकणाच्या भांड्यातील भाजी चाखून पाहण्याबाबत स्वयंपाक्यास लेखी आदेश मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा मागील अर्ज. २) त्यावर आपण तत्परतेने केलेली कार्यवाही, जिच्यामुळे प्रस्तुत अर्ज करावा लागत आहे.

महोदय,

१. उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार लेथ विभागात काम करतो व त्याच्या पंथात अन्नाचे नियम कडक आहेत. मागील अर्जात त्याने फक्त वेगळे भांडे आणि वेगळा डाव मागितला होता. आपण भांडे दिलेत, त्याला ओळखू यावे म्हणून हिरवे झाकण दिलेत आणि अर्जदाराने न मागता दुसऱ्या शाखेतून त्याच्याच पंथाचा स्वयंपाकी बदली करून आणलात. इतकी आस्था अर्जदाराच्या सासरीही कोणी दाखवलेली नाही.

२. अडचण एवढीच की, सदर स्वयंपाकी हे अर्जदाराचे थोरले बंधू असून उभयतांत बोलणे नाही. ज्याच्याशी बोलणे टाकले त्याच्या हातचे खायचे नाही, असा पंथाचा नियम आहे. पूर्वीचे स्वयंपाकी परपंथाचे असताना अर्जदार निदान फळे व दूध यांवर निभावून नेत असे. आता फळे आणि दूधही बंधूच वाढतात.

३. बोलणे टाकण्याचे कारण पंथाच्याच दुसऱ्या नियमात आहे. देवाला दाखवण्याआधी स्वयंपाक्याने अन्न चाखू नये, असा तो नियम. पुतणीच्या लग्नात बंधूंनी आमटी तळहातावर घेऊन चाखली. अर्जदाराने भरल्या पंगतीत "हे उष्टं आहे" असे जाहीर केले व तो ताटावरून उठला. त्यावर बंधू "मग ऊठच" असे म्हणाले. अर्जदार त्याआधीच उठलेला होता, ही बाब कृपया नोंदवून घ्यावी.

४. हल्ली अर्जदार रोज हिरव्या झाकणाच्या भांड्यातले ताट घेतो, कारण न घेतल्यास चारचौघांत बंधूंचा अपमान होतो. खाल्ल्यास नियम मोडतो, म्हणून ते ताट शेजारी बसणारे भांडारपाल संपवतात. त्यांनीच एकदा विचारले, "तुमच्या देवाला मीठ चालत नाही का हो?" नंतर कधीतरी पाण्याचा अख्खा तांब्या रिकामा करून म्हणाले, "आज मागची बाकी फेडली वाटतं." बंधूंच्या हाताला चव आहे हे सर्व नातलग जाणतात. त्यामुळे अर्जदाराने वाढण्याच्या खिडकीतून स्वतः पाहणी केली. इतर सर्व पातेल्यांतील पदार्थ बंधू नेहमीप्रमाणे तळहातावर घेऊन चाखतात. हिरव्या झाकणापाशी आले की मात्र हात धुतात, तोंडाला स्वच्छ फडके बांधतात, अंदाजाने मीठ टाकतात आणि झाकण लावून त्याकडे बघत उभे राहतात. ते पाहून अर्जदाराला गहिवरून आले. ही बाब कार्यालयीन नसल्याने तिचा विस्तार केलेला नाही.

५. अर्जदार सवलत मागण्यासाठी पंथाच्या ज्येष्ठांकडे गेला. ते म्हणाले, "अरे, तो नियम तू उपाशी राहावंस म्हणून नाही. भुकेनं तरी बोलायला जावंस म्हणून आहे." चाखण्याविषयी विचारता म्हणाले, "दुसऱ्याच्या आधी आपली जीभ येऊ नये, एवढंच त्यात आहे. तुझा भाऊ तुझ्यासाठी तोंड बांधून उभा राहतो. त्यानं आणखी काय पाळायचं?" लिहिणे हे बोलण्यात धरावे काय, असे विचारले असता "आधी लिही तरी" असे उत्तर मिळाले.

६. तोंडी प्रयत्न झालेला आहे. अर्जदार खिडकीपाशी गेला, त्याने तोंडही उघडले, परंतु मागून "चला, पुढे सरका" असे कोणी म्हटल्याने तो ताट घेऊन पुढे सरकला. तरी विनंती की, अर्जदाराची भाजी चाखूनच वाढावी असा आदेश आपल्या सहीने काढावा. बंधू वरिष्ठांचा शब्द खाली पडू देत नाहीत. ते चाखलेले अन्न अर्जदार खाईल. लहानपणी दोघे एकाच ताटात जेवत आणि कोणाचे उष्टे कोणी खाल्ले हे तेव्हा कोणी विचारत नसे. त्या ताटाची अर्जदाराला फार आठवण येते. भांडारपालांनी यापुढे एकाच ताटावर भागवावे, असे त्यांनाही कळवावे.

आपल्या आदेशाच्या व दोन घासांच्या प्रतीक्षेत,

आपला नम्र,
(सही)
अर्जदार, लेथ विभाग
दिनांक : १४, जेवणाच्या सुट्टीत

सोबत : भांडारपालांचे निवेदन (मिठाविषयी).

प्रत : मुख्य स्वयंपाकी, उपाहारगृह, यांना माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी.
दादा, आदेश यायला वेळ लागेल. तू उद्यापासूनच चाखून घाल. मी जेवायला येतो.