एकोणीस नंबरचा बेड

प्रिय दादा,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "अपे, मीटिंगमध्ये हाय, मागनं बोलू," म्हणतोस, आणि ते मागनं कधी येत नाही. म्हणून कागद घेतला. आप्पा चार दिवस दौंडला आमच्याकडे राहून आज शिरूरला परत निघालेत, त्यांच्या पिशवीत हे पाकीट टाकतेय. आत काय आहे विचारत होते. दादाचं काम आहे म्हटलं, तर खूश झाले. तुझं काम म्हटलं की ते अजून खूश होतात.

आमचं बरं चाललंय. ह्यांची रेल्वेतली ड्यूटी पुन्हा यार्डात लागलीय. रुद्र तिसरीत गेलाय आणि मामासारखा माईक धरून आरशासमोर भाषण करतो. मी कुरकुंभला त्याच कंपनीच्या फर्स्ट एड रूममध्ये आहे. कुणाचा हात भाजतो, कुणाच्या डोळ्यात काहीतरी उडतं, मी धुते, पट्टी बांधते, रजिस्टरला नोंद करते. लोक विचारतात, सिस्टर, एवढा कोर्स झालाय तर दवाखान्यात का नाही जात? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. तूही एकदा विचारलं होतंस. त्या दिवशी तुलाही तसंच काहीतरी सांगितलं होतं.

आप्पांनी येताना तुझा कार्यअहवाल आणला. गुळगुळीत कागद, वर तुझा हात जोडलेला फोटो. झेडपीचं तिकीट मिळणार हे आता पक्कंच दिसतंय. आप्पा रुद्रला एकेक पान उलगडून दाखवत होते. सातव्या पानावर लिहिलंय, "कोरोना काळात इंद्रजीतदादांच्या दारातून एकही रुग्ण बेडविना परत गेला नाही." हे वाक्य रुद्रनं मोठ्यानं वाचलं. मी भाकरी थापत होते. तव्यावरची भाकरी करपली तरी मला कळलं नाही.

दादा, हे वाक्य कुणी लिहिलं? तू लिहिलंस की छापणाऱ्यानं? छापणाऱ्यानं लिहिलं असेल तर तू वाचून गप्प कसा बसलास?

तुला पहिल्या लाटेतलं आपलं शिरूरचं कोविड सेंटर आठवत असेल. मुलींच्या वसतिगृहातलं. चाळीस बेड, प्रत्येक बेडला ऑक्सिजनची लाइन. ते तू उभं केलंस, हे मी कुणालाही सांगेन. तेव्हा तू खरंच धावलास. स्वतः सिलिंडर खांद्यावरून उतरवलेस, लोकांच्या डब्यांची सोय केलीस. मला तुझा एवढा अभिमान वाटायचा की किटमध्ये घामानं भिजलेली असतानाही मी सगळ्यांना सांगायचे, तो निळ्या शर्टवाला माझा भाऊ. हे मी विसरले नाही. विसरता आलं असतं तर एवढा राग आला नसता.

मग सगळं उघडलं. रांजणगावच्या कंपन्या तिन्ही शिफ्टला सुरू झाल्या, बसमध्ये माणसं पुन्हा दांडीला लोंबकळायला लागली, मास्क हनुवटीवर आले. ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या, जेसीबीवरून गुलाल उधळला. आणि त्याच महिन्यात तू सेंटरचा समारोप ठेवलास. नारळ फुटला, आम्हाला शाली दिल्या, माझ्या प्रमाणपत्रावर अपेक्षाचं "अपेशा" छापलं होतं. दुसऱ्या दिवशी माणसं आली आणि लाइन उचकटायला लागली. मी तुला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "दादा, बेड ठेव बाजूला, पण लाइन तरी राहू दे. दहा सिलिंडर तरी राहू दे." तू हसलास. म्हणालास, "अपे, लस आलीय. लोकांना जरा जगू दे. मुलींचं वसतिगृह किती दिवस अडवायचं?" मुली काही जूनपर्यंत येणार नव्हत्या, हे तुलाही माहीत होतं. पण तुमच्या आमदारसाहेबांना "कोरोनामुक्त तालुका" असा फलक लावायचा होता. गाद्या एका खोलीत रचल्या, कुलूप लागलं, आणि आम्हा अकरा जणींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

मी तेव्हा जास्त बोलले नाही. माझं कंत्राट संपलं होतं, रुद्र लहान होता, आणि तू म्हणाला होतास, तुला लावतो कुठंतरी. एप्रिलमध्ये लावलंस. दौंडमध्ये मंगल कार्यालयात सेंटर निघालं, तिथं तुझ्या एका फोनवर मला घेतलं. बत्तीस बेड. जिथं नवरा-नवरीची खुर्ची ठेवतात त्या स्टेजवर सहा बेड होते. आमच्या डोक्यावर "शुभविवाह" लिहिलेली थर्माकोलची पाटी तशीच होती, ती काढायला कुणाला सवड झाली नाही. सकाळी दहाला आम्ही बेडचा आकडा कळवायचो, तो मोबाइलवर सगळीकडे जायचा, आणि अकरा वाजेपर्यंत खोटा ठरायचा. लोक मोबाइल दाखवून भांडायचे, "यात तर चार खाली दाखवतंय." मी रोज शंभर वेळा "नाही" म्हणत होते. नाही म्हणायची सवय लागते, दादा. आधी घसा दुखतो, मग काही दुखत नाही.

त्या दुपारी एकोणीस नंबरचा बेड खाली झाला. पाटसचे एक मास्तर बरे होऊन घरी गेले. त्यांच्या जागेवर मी नवी चादर घातली, मास्क बदलला, फ्लो तपासला, आणि तेवढ्यात तुझा फोन आला. "अपे, एक बेड धरून ठेव. साहेबांचे मेहुणे येतायत. दहा मिनिटांत पोचतील." मी विचारलं, सॅच्युरेशन किती आहे? तू म्हणालास, "ते तिथं आल्यावर बघ ना. नाव लिहून टाक फक्त." मी नाव लिहिलं. दाखल वेळ एक वाजून दहा मिनिटं. न आलेल्या माणसाला मी दाखल करून घेतलं.

एक वीसला गेटवर जीप आली. मागच्या सीटवर एक म्हातारी बाई, हिरवं लुगडं, मान मुलाच्या खांद्यावर. केंदूरहून निघाले होते. शिक्रापूरला नाही म्हणाले, शिरूरला नाही म्हणाले, कुणीतरी सांगितलं दौंडला मिळेल, म्हणून न्हावऱ्यावरून, चौफुल्यावरून सगळं ऊन अंगावर घेत आले. मी बोटाला मशीन लावलं. एकाहत्तर. तो मुलगा म्हणाला, "सिस्टर, बेड नगं, सतरंजीवर टाका कोपऱ्यात. निस्ता ऑक्सिजन लावा." मी म्हटलं, जागा नाही. हे मी म्हटलं, दादा, तू नव्हे. एकोणीस नंबर तिथून मला दिसत होता.

मी आत येऊन तुला मेसेज केला. अजून आहे तो माझ्याकडे. "गेटवर पेशंट आहे. ७१ आहे. काय करू?" तू लगेच वाचलास. उत्तर आलं, "थांब जरा. आपला माणूस येतोय." डॉक्टर एकटेच होते, स्टेजवर एका पेशंटसाठी झटत होते. मी त्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, घे आत. म्हणूनच मी विचारलं नाही. तुझा शब्द, साहेबांचा माणूस, माझी नोकरी, हे सगळं माझ्या डोक्यात होतं. मी पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर गेले. त्या बाईंना दोन घोट पाजले. त्यांनी माझा हात धरला. हातमोज्यातूनही पकड कळत होती. मुलाला म्हणाल्या, "बाईला बसू दे, दमलीय." मला म्हणाल्या ते, दादा. मी दमलेय म्हणून.

सव्वादोनला त्या गेल्या. जीपमध्येच. मुलगा रडला नाही. त्यानं चादर मागितली. माझ्याकडे दुसरी नव्हती, म्हणून एकोणीस नंबरवरची काढून दिली. मग आत जाऊन दुसरी शोधून घातली, कारण बेड तयार हवा होता.

तुझा माणूस दोन पन्नासला आला. गाडीतून उतरून आपल्या पायांनी चालत आला. सॅच्युरेशन चौऱ्याण्णव. हातात मिनरल वॉटरची बाटली आणि चार्जर. मला विचारलं, सिस्टर, इथं पॉइंट कुठाय? पाच दिवस तो त्या बेडवर मोबाइल बघत राहिला आणि बरा होऊन घरी गेला. जाताना तुझ्या नावानं पेढे वाटले.

त्या रात्री तू फोन करून म्हणालास, "थँक्यू अपे, आपलं वजन राहिलं." गेटवरच्या पेशंटचं काय झालं, हे तू विचारलं नाहीस. त्या रात्री नाही, त्या वर्षी नाही, आजपर्यंत नाही. मला तुझा राग बेड मागितलास म्हणून कमी आहे. तेव्हा सगळेच मागत होते. एकाहत्तर आकडा वाचूनही तू पुढं विचारलं नाहीस, याचा जास्त आहे. आणि मी सांगितलं नाही याचा त्याहून जास्त. जून संपला, तेही सेंटर बंद झालं, आणि मी दवाखान्याचं काम कायमचं सोडलं. का सोडलं, ते आता तरी तुला कळलं असेल.

खरं तर मी हे गिळूनच ठेवलं असतं. पण गेल्या दिवाळीला तू फराळ घेऊन आलास, आणि नवा ड्रायव्हर सोबत होता. तू त्याला आत बोलावलंस, म्हणालास, "हा गेणबा. केंदूरचा. कोरोनात आई गेली बिचाऱ्याची, कंपनीनं कामावरनं काढलं, म्हणून मी ठेवून घेतला." तो अवघडून खुर्चीच्या टोकाला बसला. मी विचारलं, कुठल्या दवाखान्यात होत्या आई? तो म्हणाला, "दवाखाना कुठला, ताई. दौंडला आनलं व्हतं. जागाच न्हवती. पर एक सिस्टर लई भली. पानी पाजलं, चादर दिली. आमच्या आईच्या, सोजरबाईच्या अंगावर शेवटी तेवढीच सवच्छ व्हती." मी तेव्हा किटमध्ये होते, त्यानं माझा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. हातातलं चिवड्याचं ताट मी त्याच्यापुढं सरकवलं. आणि तू काय म्हणालास? "हे सभेत सांग गेणबा. अशा लोकांसाठीच आम्ही तेव्हा झटलो, हे लोकांना कळू दे." तो हो म्हणाला. तुझ्यावर त्याचा जीव आहे, दादा. तुझी गाडी तो स्वतःच्या लेकरासारखी पुसतो.

आता आप्पा सांगतात, सभा ठरलीय आणि गेणबा स्टेजवर बोलणार आहे. दहा दिवस तू त्याला घरी पाठवलंयस, भाषण पाठ करायला. कुणीतरी त्याला लिहूनही दिलंय.

म्हणून मी परवा ह्यांच्या मागं मोटरसायकलवर बसून केंदूरला गेले. गेणबाच्या घरी. त्याची बायको म्हाळसा शेळ्यांना पाला टाकत होती. चहा ठेवते म्हणाली, मी नको म्हटलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. ती सिस्टर मी. बेड खाली होता. कुणासाठी धरला होता आणि कुणाच्या सांगण्यावरून, तेही सांगितलं. गेणबा खाली बसला. म्हाळसा म्हणाली, "आज सांगताय. इतकी वर्सं कुठं व्हता?" मग गेणबानं एवढंच विचारलं, "बेड खाली व्हता, हे दादांना ठाव व्हतं?" मी होय म्हटलं. तो म्हणाला, "तुमी म्हनताय म्हून मी खरं धरनार न्हाई, ताई. त्यांनी माझ्या घरात चूल पेटवली. मी सोमवारी त्यांनाच इचारतो."

तर सोमवारी सकाळी तो तुझ्या दारात उभा राहील. हे पत्र त्यासाठी आहे. त्या दिवशी तू कार्यकर्त्यांत असशील, घाईत असशील, आणि घाईत तुझ्या तोंडून पहिलं जे येतं ते सोयीचं येतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. अपेक्षाचा काहीतरी गैरसमज झालाय, असं तू म्हणशील. तसं म्हणू नकोस. रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो आणि तुझा मेसेज माझ्याकडे आहे, पण गेणबाला तो फोटो नको आहे, त्याला तू हवा आहेस. तिकिटाचं काय होईल, साहेब काय म्हणतील, आप्पा मला पुन्हा दारात उभं करतील की नाही, याचा विचार मी करून झालाय. तू माणसं बाहेर पाठव, दार लाव, त्याला खुर्ची दे. तो विचारील तेव्हा "होय, ठाव होतं" एवढंच म्हण. त्यापुढं तो बोलेल. तू ऐक.

रागावलेली, आणि तरीही तुझीच धाकटी,
अपेक्षा