कोरसमधला डावा आवाज

३ जाने.
प्राचीने पनवेलहून कानातली बोंडं पाठवली. बिनवायरची. लेकीचा हुकूम: "आई, सगळ्या प्रकारची गाणी लावून बघ. नाही पटली तर सात दिवसांत परत." पेपर तपासण्यात हयात गेली, आता हे. शास्त्रीय लावलं. तंबोरा भरदार. दहापैकी आठ.

४ जाने.
लावणी: ढोलकी थेट कपाळात, गाणारी बाई मात्र शेजारच्या आळीत. चार. कव्वाली: एकेक टाळी सुटी. कोण पुढे, कोण मागे, सगळं कळतं. नऊ!
आणि एकदम ह्यांची आठवण झाली.

५ जाने.
हे जाऊन दोन वर्षं झाली. भीमगीतांच्या पार्टीत जन्मभर कोरस धरला, एकट्याने एक ओळ गायली नाही. माझ्याकडे दिघीच्या कार्यक्रमाचं एक गाणं आहे, तेवढंच. सहाजण एकदम गातात. मोबाइलवर नुसता गलका.

६ जाने.
ते गाणं बोंडांत लावायचा धीर झाला नाही. चिंबोऱ्यांचं कालवण केलं. एकटीला फार झालं.

७ जाने.
लावलं. डाव्या कानात, पेटीच्या मागे, एक आवाज. ओळ संपली की सगळ्यांच्या नंतर सुटतो. हेच! अस्सेच लांबवायचे, मी टोकायची. पाच वेळा ऐकलं, खूप रडले. गुणबिण गेले खड्ड्यात.

८ जाने.
नको तो शहाणपणा. पेटीवाल्या जनार्दनभाऊंना फोन केला. जयभीम झाल्यावर विचारलं, डावीकडे हेच उभे होते ना?
"वैनी, त्या दिशी आगरदांड्याला त्याची दिघीला येनारी लाँच चुकली व्हती. उशिरा आला. या गान्याला व्हता का न्हाय, आता सांगता न्हाय येनार. डावीकडं माझा भाव पन असायचा."
बरं म्हणून ठेवला. दिवसभर कशात लक्ष नाही.

९ जाने.
पुन्हा ऐकलं. कुणीही वाटतं. आणखी एकदा ऐकलं, तर हेच.
दुपारी प्राचीचा फोन. "उद्या शेवटचा दिवस. ठेवायची की परत?" कळवते म्हटलं.
तिला हे गाणं कधी ऐकवलेलं नाही. बाबांचा आवाज ती झटकन ओळखेल, लहानपणापासून कान तिखट. पाठवायला दोन मिनिटं लागतील. सकाळपासून चारदा मोबाइल हातात घेतला.
ती "हे बाबा नाहीत" म्हणाली, तर मग मी त्या डाव्या आवाजात कुणाला ऐकायचं?